माशीच्या जिवाला धोका नाही

जीव जितका लहान, तितकं त्याची काळजी वाहणारं खातं मोठं असावं लागतं, हा राज्यकारभाराचा मूळ नियम आहे. मुंगीएवढ्या जिवाला एक कारकून पुरतो. मुंगीच्या डोळ्याएवढ्या जिवाला जीप लागते. १९६३ साली दिग्रसच्या बाजूला असा एक जीव आला, आणि त्याच्यासोबत शेतकी खात्याची जीपही आली.

हा जीव म्हणजे एक माशी. घरात घोंघावणारी नव्हे. कुळानं गांधीलमाशीची, पण मोहरीचा दाणा तिच्यापुढं भोपळा वाटावा इतकी बारीक. ती बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, आणि तिचं पिल्लू अळीला जन्माआधीच खाऊन टाकतं. (माणसांत असं करणाऱ्याला जवळचा नातेवाईक म्हणतात. खात्यात त्याला मित्रकीटक म्हणत.)

त्याच सुमारास खात्याच्या दुसऱ्या शाखेनं अळीवर औषध आणलं होतं. औषध म्हणायचं कारण इतकंच, की विष म्हटलं असतं तर लोकांनी घरी नेलं नसतं. ते अळीला मारी आणि कसलाही भेदभाव न करता माशीलाही मारी. दोन्ही शाखा एकाच इमारतीत बसत, एकाच माठातलं पाणी पीत. त्यामुळे त्यांची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. ती पडली मैनाबाईच्या वावरात.

मैनाबाईचं वावर दारव्ह्याच्या सडकेला लागून होतं. नवरा विठ्ठलराव गावाच्या भानगडी मिटवण्यात गुंतलेला, म्हणून कापसाची पऱ्हाटी तीच पाही. त्या साली बोंडांत अळी शिरली होती आणि बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खात्यानं प्रयोगासाठी तिचंच वावर निवडलं. ते जीपमधून न उतरता दिसे, हा त्याचा गुण.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी माश्यांचे साहेब उमाळे हे माश्यांची पेटी घेऊन आले. ते उतरतात तोच त्याच जीपच्या मागच्या बाजूनं औषधांचे साहेब देवपुजारी उतरले. (दोघं यवतमाळपासून सोबत आले होते, पण शाखा वेगळ्या असल्यानं कामाचं बोलले नव्हते.) देवपुजारींबरोबर औषधाचा डबा, पाठीवरचा पंप आणि दिग्रसचा गफ्फार मिस्त्री होता. गफ्फार बसस्टँडजवळ स्टोव्ह, कंदील आणि पंप दुरुस्त करी. तो पंप त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नसे, म्हणून फवारायलाही त्यालाच आणलं होतं.

आज फवारून माश्या पंधरवड्यानं सोडाव्यात, हे दोन्ही साहेबांना ठाऊक होतं. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. पण जीप त्या एका दिवसापुरती मिळाली होती, आणि पुस्तक लिहिणाऱ्याला जीपची अडचण कधी आलेली नसावी.

तेव्हा वावराची वाटणी झाली. मधल्या तुरीच्या तासापासून, म्हणजे ओळीपासून, पूर्वेचं वावर औषधाला, पश्चिमेचं माशीला. तासात एक पाटी रोवली: ‘पुढे फवारणी चालू आहे. मित्रकीटकांनी हद्द ओलांडू नये.’

गफ्फारनं पाटी वाचली. “साहेब, माशीनं हे वाचलं नाई तं?”

“मग ती तिची जबाबदारी,” देवपुजारी म्हणाले.

सुरक्षेचं सामान आलेलं होतं, हे मुद्दाम नमूद केलं पाहिजे. तोंडाला बांधायला मलमलचं फडकं होतं. ते माश्यांच्या पेटीवर बांधलं, कारण त्यांचा जीव नाजूक. साबणाची वडी होती. दोन्ही साहेबांनी तिनं हात धुतले, कारण त्यांना नंतर जेवायचं होतं. औषध ढवळायला काठी तेवढी आलेली नव्हती, म्हणून गफ्फारनं बाही वर सारून हातानं ढवळलं.

“गफ्फारभाऊ, हात कायले घालतं त्यात?” मैनाबाई म्हणाली. “थांब, तुराटी आनून देतो.”

“राहू दे, बाई. रॉकेलात जिंदगी गेली आपली. हेबी तसंच.”

उमाळ्यांनी पेटी उघडली. माश्या बाहेर पडल्या असं सर्वांनी मानलं. मग वारा सुटला, आणि तो पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे औषधाकडून माशीकडे. दोन्ही शाखांचं प्रथमच एकमत होऊन तोडगा निघाला. गफ्फारनं तुरीच्या तासाला पाठ लावून उभं राहावं आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारावं. म्हणजे फवारा माघारी आला तरी माशीपर्यंत पोचणार नाही. मध्ये गफ्फार आहेच.

आणि तसंच झालं. फवारा पुढं जाई, पऱ्हाटीला शिवल्यासारखं करी आणि गफ्फारच्या तोंडावर परते. त्याची बंडी ओलीचिंब झाली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो शिंकला.

“माशीकडे तोंड करून शिंकू नका,” उमाळे म्हणाले.

थोड्या वेळानं गफ्फार थांबला. “साहेब, डोयापुढं अंधारी येऊन राह्यली.”

“तेवढी ओळ संपवा.”

ओळ संपवायला तो वळला आणि पंपासकट खाली कोसळला. दुर्दैवानं तो पाटीच्या पलीकडे, माशीच्या हद्दीत पडला. उमाळ्यांनी त्याला तातडीनं अलीकडे ओढून घेतलं. (या तत्परतेची पुढे वरिष्ठांनी दखल घेतली.)

मैनाबाई धावत आली. गफ्फारच्या तोंडाला फेस होता आणि हातपाय झटके देत होते.

“साहेब, जीपीत टाका याले. दवाखान्यात न्या.”

“त्याच्या कपड्यांना औषध आहे, बाई,” उमाळे समजावणीच्या सुरात म्हणाले. “जीपमध्ये पेटी ठेवायची आहे. एखादी माशी आत चिकटून राहिली असेल, तर?”

मैनाबाई वाद घालत बसली नाही. तिनं त्याची बंडी फाडून काढली, प्यायला आणलेली घागर त्याच्या अंगावर रिती केली आणि बैल जुंपले. बैलगाडीत त्याला एका कुशीवर वळवून ठेवलं आणि दिग्रसच्या वाटेला लागली. आपल्या गाडीत हा माणूस मरणार, या भीतीनं ती पुन्हा पुन्हा मागं वळून पाही.

“गफ्फारभाऊ, बोलत राह्य. कायबी बोल.”

“पंपाचा वायसर ढिला हाय,” गफ्फार पुटपुटला. “साहेबाले सांगजा.”

“सांगतो. अजून बोल.”

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं आणि वाचवलं.

हिवाळ्यात दिग्रसला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या आवारात सभा झाली. मैनाबाईच्या वावरात दोन्ही बाजूंना बोंडं सारखीच फुटली होती, त्यामुळे दोन्ही शाखा विजयी झाल्या होत्या. देवपुजारींनी निष्कर्ष सांगितला: औषध आणि मित्रकीटक एकाच वावरात निर्धोकपणे नांदू शकतात, मात्र मध्ये साडेपाच फूट उंचीचा, हलता आणि ओलावा शोषून घेणारा आडोसा हवा. असे आडोसे ग्रामीण भागात मुबलक आहेत, असंही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. असा आडोसा किती हंगाम टिकतो, असं एका कास्तकारानं विचारलं. एका व्यापाऱ्यानं तो भाड्यानं मिळेल का याची चौकशी केली.

मैनाबाई उभी राहिली. “साहेब, त्या आडोशाले गफ्फार म्हन्तेत. त्याच्या घरी बायको सुग्राबी हाय, लेकरं हायेत.”

मग उमाळ्यांनी बाईंचे आभार मानले. आडोशाची निगा राखण्यासाठी घरचं माणूस उपलब्ध असणं आवश्यक आहे, हा महत्त्वाचा मुद्दा त्यांनी लक्षात आणून दिला होता. तो लगेच सूचनांत घालण्यात आला. मैनाबाई खाली बसली नाही. ती सरळ बसस्टँडकडे चालू लागली.

गफ्फारचं दुकान तिथं अजून आहे. त्याचे हात आता कापतात. वायसरसारखी बारीक चकती त्याला धरता येत नाही. तो शेजारी बसून सांगतो आणि सुग्राबी बसवते. पहिले काही दिवस ती चिडे, तो पुन्हा पहिल्यापासून सांगे. आता तिची बोटं बसली आहेत. त्या दिवशी सभेतून आलेल्या मैनाबाईनं तिथं बसून चहा घेतला आणि म्हणाली, “वायसरचं साहेबाले सांगाचं राहूनच गेलं.”

“कायले सांगतं?” गफ्फार म्हणाला. “पंप तं दुसऱ्याच्याच पाठीवर हाय, साहेबाच्या नाई.”

ही हकीगत ऐकली की माणसं हळहळतात. चहाचा घोट घेतात, गफ्फारचं वाईट झालं म्हणतात, आणि मग जरा थांबून, अगदी सहज विचारतात, की पण त्या माश्या शेवटी जगल्या का? वाचक म्हणून तुम्हीही तोच प्रश्न विचारायला तोंड उघडलं आहे, हे दिसतं आहे. संकोच करू नका. मेलेली एकही आढळली नाही. तुमच्यासारखी आस्था असणारी माणसं आहेत, म्हणूनच खातं चालतं.