सरांच्या बाजूचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना एकाच गोष्टीचा गर्व होता आणि तो त्यांनी पाटीवर रंगवून ऑफिसच्या दारावर टांगला होता. 'आमच्या हाताखाली शिकलेल्याने आजवर कुणाला धडक दिलेली नाही!' शेवटचं उद्गारचिन्ह तर सरांनी पेंटरच्या हातून ब्रश ओढून स्वतः काढलं होतं. शहरातली निम्मी माणसं आपल्याकडेच क्लच सोडायला शिकली, असं ते सांगत. उरलेल्या निम्म्यांबद्दल जे सांगत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर अशा सरांच्या गाडीला मंगळवारी मागून धडक बसली.

गाडी स्कूलची, एकुलती एक. चालवत होत्या मॅडम, म्हणजे सरांच्या बायको. स्कूलचं वेळापत्रक, स्कूलचा हिशेब आणि स्कूलचे सर ही तिन्ही खाती त्यांच्याकडे. सर स्वतः त्या गाडीत स्टीअरिंगला कधीच बसत नसत. त्यांची जागा शेजारची, जिथे शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला असतो. घरी जाताना बायको चालवत असली तरी सरांचं शिकवणं काही थांबत नसे.

सिग्नल लाल होता. गाडी केव्हाची थांबलेली. सर मान पूर्ण वळवून मॅडमना सांगत होते, "अगं, आरशात बघत जा, आरशात!" मॅडम आरशातच बघत होत्या. मागची गाडी येताना त्यांना दिसली आणि त्या निमूट सीटला टेकून बसल्या. म्हणून त्यांना काही झालं नाही. सरांची वळलेली मान मात्र आखडली ती आखडलीच, आणि डिकी चेपून मागच्या सीटला भेटायला आली.

सर उतरले. मान हलेना म्हणून कपाटासारखे अख्खेच वळले आणि मागच्या गाडीवाल्यावर तोफ डागली. "लायसन्स कुणी दिलं हो तुम्हाला? आणि शिकवलं कुठल्या गाढवानं?"

गाडीतून चष्म्याच्या दुकानाचे मालक उतरले. बिचाऱ्यांनी मान खाली घातली.

"सर, तुम्हीच."

डॉक्टरांनी सरांच्या गळ्यात जाड पट्टा अडकवला. त्यामुळे सरांना खाली बघता येईना. घरी आल्यावर ते छताकडे बघत सुस्कारे टाकू लागले.

"यात तोंड पाडण्यासारखं काय आहे?" मॅडम म्हणाल्या. "आपण उभे, ते येऊन आदळले. शेंबडं पोरही सांगेल चूक कुणाची. गाडीचाही क्लेम करायचा आणि मानेचाही. गाडी दुरुस्त झाल्याशिवाय स्कूल उघडणार नाही आणि मान सुधारल्याशिवाय तुम्ही उपयोगाचे नाही."

"पण त्यांची चूक ठरली तर पाटीचं काय?"

"पाटीला कुठे धडक बसली?"

"अगं, खोटी पडते ना पाटी! त्यांना मी शिकवलंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात सरांना युक्ती सुचली, आणि सरांना युक्ती सुचली की मॅडम आधी हिशेबाची वही उघडायच्या. पाटीवर शिकलेल्यांबद्दल लिहिलंय, शिकवणाऱ्याबद्दल कुठे काय लिहिलंय? चूक आपली ठरली की पाटी शाबूत!

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचे साहेब गॅरेजमध्ये पाहणीला आले. चष्मेवाल्यांनाही बोलावलं होतं. आजवर साहेबांनी एकमेकांच्या नरडीला धरणारी माणसंच पाहिली होती, त्यामुळे ते दोघांच्या मध्ये अंतर ठेवून उभे राहिले.

"चूक कुणाची?"

"माझी," सर म्हणाले.

"माझी," चष्मेवाले म्हणाले.

साहेबांचं पेन तसंच राहिलं.

"मी अचानक माझ्या बाजूचा ब्रेक दाबला," सर म्हणाले.

"कशाला खोटं बोलता सर? तुम्ही केव्हाचे उभे होता."

"तीच तर चूक. नको तिथे उभा होतो."

"सिग्नलला उभे होता, सर. माझ्यासाठी तुम्ही खाली बघायचं? मी नाही ऐकणार."

"खाली बघताच येत नाही मला! लिहा साहेब, आम्ही रिव्हर्स येत होतो."

"लाल सिग्नलला?"

"सवय आहे."

"अहो!" मॅडमचा संयम सुटला. "गाडी मी चालवत होते! मी कधी घेतला रिव्हर्स?"

साहेबांनी सरांना बाजूला घेऊन समजावलं. असं लिहिलं तर मानेचं सोडाच, चष्मेवाल्यांच्या गाडीची दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात पडेल. सरांनी गळ्यातला पट्टा चाचपला आणि रिव्हर्स मागे घेतला. मग साहेब चष्मेवाल्यांकडे वळले.

"स्वतः चष्मे विकता, आणि समोरची गाडी दिसली नाही?"

"दिसली ना. दिसली म्हणूनच तर झालं." चष्मेवाले ओशाळले. "समोर स्कूलची गाडी, आत सर. इतकं बरं वाटलं! म्हटलं, सर आहेत. आणि पाय सैलच पडला. शिकत होतो तेव्हा सिग्नल आला की ब्रेक सरच दाबायचे. मी नुसतं स्टीअरिंग धरायचो."

"काहीतरीच काय!" सर म्हणाले. "ब्रेक तुम्हीच दाबत होता. मी आपला पाय टेकवून बसायचो, अडीअडचणीला."

साहेबांनी टॉर्च काढून गाडीत डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर येईनात. सरांना वाकता येईना, म्हणून मॅडम वाकल्या.

"काय आहे?" सरांनी छताला विचारलं.

"शिकणाऱ्याच्या ब्रेकचं रबर कोरं करकरीत आहे," मॅडम म्हणाल्या. "वरची नक्षीसुद्धा शाबूत. तुमच्या बाजूचं झिजून लोखंड उघडं पडलंय."

सरांना मनापासून वाईट वाटलं. एवढी माणसं रस्त्यावर सोडली, आणि थांबायला एकालाही शिकवलं नाही.

"थांबलेल्या गाडीची चूक नसते," साहेबांनी लिहून टाकलं. "क्लेम मंजूर होईल, गाडीचा आणि मानेचाही."

"आणि पाटी?"

"पाटीचा विमा आम्ही उतरवत नाही."

गाडी नवी होऊन आली, पट्टा निघाला, आणि सरांनी चष्मेवाल्यांना पुन्हा शिकायला बोलावलं, फुकट. मॅडम मुद्दाम मागे बसल्या. त्यांची ताकीद होती की सरांनी पाय उचलून सीटवर घ्यायचे. सर्कशीतल्या अस्वलासारखे सर गुडघे धरून बसले. सिग्नल लाल झाला. सरांना घाम फुटला. पाय शिवशिवला, तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला. आणि गाडी थांबली. अलगद, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे, स्वतःच्या ब्रेकने!

"सर, थांबलो!"

सरांचा ऊर भरून आला. शाबासकी द्यायला त्यांनी मान पूर्ण वळवली.

मॅडमना आरशात काहीतरी दिसलं. त्या निमूट सीटला टेकून बसल्या.

धाडकन आवाज झाला. मागच्या गाडीतून एक बाई उतरल्या आणि सरांना पाहून तोंड भरून हसल्या. "अय्या, सर! तुम्ही?"

सर अख्खेच वळले. या वेळी 'शिकवलं कुणी' एवढं मात्र त्यांनी विचारलं नाही.