मनीचं तेल

जयसिंगराव मोहित्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. त्यामुळे घरात सापडणारा प्रत्येक केस मनीचाच, यावर वाद होत नसे. मनी म्हणजे त्यांची मांजर, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. ऊन तापू लागलं की ती इतके केस गाळी, की तेवढ्या केसांत बडोद्यात आणखी एक मांजर सहज उभी राहावी. काळ्या कोटावर केस, फुलवातीत केस. आणि त्या दिवशी तर व्याह्यांच्या श्रीखंडात. व्याह्यांनी तो केशराची काडी समजून खाल्ला, वर तारीफही केली. पण जयसिंगरावांनी पाहिला होता.

"बस झालं!" व्याही जाताच ते गरजले. "धनाजीच्या गोदामात उंदीर झालेत. रविवारी सावली गावाहून येतोय तो, घेऊन जाईल हिला. मी शब्द दिलाय."

"अहो, मुलं परगावी. मी दिवसभर बोलू कुणाशी?" अहल्याबाईंनी मनीला उचलून जवळ घेतलं.

"माझ्याशी बोल की."

"तुम्ही उत्तरं देता. ती नुसती ऐकते."

अहल्याबाईंनी मनीला बारीक फणीने विंचरलं, ओल्या हाताने गाद्या पुसल्या. केस काही हटेनात. शेवटी त्या पाणीगेटच्या वैद्यांकडे गेल्या आणि मराठी वळणाच्या गुजरातीत म्हणाल्या, "अमारी मनीना वाळ बहु खरे छे." म्हणजे केस फार गळतात.

मराठी घरात मनी म्हणजे मांजर हे वैद्यांना काय ठाऊक? त्यांच्या ओळखीतच चार मणिबेन. "मणिबेनने कहेजो, चिंता नई करवानी," ते मायेने म्हणाले. "आ तेल रोज घसवानुं." म्हणजे काळजी नको, हे तेल रोज चोळायचं.

मांजरीलासुद्धा बेन म्हणणारं गाव! अहल्याबाईंना भरून आलं.

तेल काकवीसारखं दाट होतं, आणि गुण असा, की सुटलेला केस खाली पडेचना. जिथल्या तिथे चिकटून राही. पण रविवारी दुपारी जयसिंगराव झोपले असताना मनी नेहमीसारखी त्यांच्या उशीवर चढली आणि त्या तुकतुकीत डोक्याला पाठ, पोट, मान सगळं घासघासून निजली.

जाग आल्यावर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. हात तिथेच थांबला.

"अगं, आरसा आण! केस आले!"

अहल्याबाई धावल्या. डोक्यावर मऊ लव होती, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. त्यांनी पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात दारात टोपली घेऊन चुलतभाऊ धनाजीराव उभे.

"अरे वा, दादा! कसलं तेल लावता?"

"तेल मनीचं आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "ती उशाशी निजते ना, तिच्या अंगाचं ह्यांना लागलं." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"ऐकलंस?" जयसिंगराव कडाडले. "आता ही कुठे जायची नाही. टोपलीत कैऱ्या भर आणि घरी जा."

"पण दादा, शब्द दिला होता तुम्ही!"

"तेव्हा मला केस नव्हते!"

धनाजीराव कैऱ्या घेऊन गेले. अहल्याबाईंना मात्र राहवेना.

"अहो, रागावू नका. ते केस तुमचे नाहीत."

"मला काय दिसत नाही?" जयसिंगरावांनी मनीला मांडीवर घेतलं. "इतकी वर्षं टक्कल सांभाळतोय मी, त्याला पट्टे कुठून फुटणार? पण ही जायची म्हणून तू चार दिवस नीट जेवली नाहीस. दिलेला शब्द मोडायला काहीतरी निमित्त नको? मिळालं. देवच पावला म्हणायचा!"

अहल्याबाईंचे डोळे भरून आले. "बसा, कोमट पाण्याने डोकं धुऊन देते."

"आत्ता नको," जयसिंगराव उठून चपला शोधू लागले. "आधी बागेत एक फेरी मारून येतो. टोपी न घालता."