सेक्रेटरींच्या घरावर लाल टिकली

पोस्टमन युनियनचे सेक्रेटरी दर सोमवारी सकाळी सॉर्टिंगच्या खोलीत शिरले की टपालाकडे न बघता आधी टिकल्यांकडे बघत. भिंतीला लागून लाकडी खणांची मांडणी होती, प्रत्येक घराला एक खण, आणि काही खणांवर रंगीत टिकल्या. पिवळी टिकली म्हणजे मोडका जिना, निळी म्हणजे अंधारा बोळ आणि लाल म्हणजे चावणारा कुत्रा. लाल टिकली लागली की त्या घरी टपाल घेऊन जायचं नाही. घरवाल्यांना नोटीस द्यायची, टपाल खणात ठेवायचं, ते त्यांनी खिडकीवर रांगेत उभं राहून न्यायचं आणि मालकाने कुत्रा बांधल्याचं सेक्रेटरींनी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय टिकली काढायची नाही.

ही सगळी योजना सेक्रेटरींच्या डोक्यातून निघाली होती. वार्षिक सभेत त्यांनी ती अशी काही मांडली की झाडून सगळ्या गावांच्या शाखांनी ती टाळ्या वाजवून उचलून धरली. ते स्वतः उमेदीच्या काळात पिशवी खांद्याला लावून फिरले होते आणि त्यांच्या पोटरीवर कुत्र्यांच्या दातांच्या खुणा होत्या. सभेत रंगात आले की ते पँट गुडघ्यापर्यंत वर करून त्या दाखवत. "कुत्र्यापेक्षा मालक वाईट," ते सांगत. "दात आपल्या पोटरीत रुतलेले असतात आणि मालक गॅलरीतून ओरडतो, 'घाबरू नका, तो काही करत नाही!'" यावर हशा ठरलेला असे.

त्या दिवशी मात्र मांडणीपुढे त्यांचे पाय थबकले. एका खणावर नवीकोरी लाल टिकली होती आणि खण त्यांच्या स्वतःच्या घराचा होता.

"ही चेष्टा कोणी केली?" त्यांनी विचारलं.

सॉर्टिंग करणारे हात एकदम भराभर चालायला लागले. शेवटी लंबू पुढे आला. त्यांच्या भागात टपाल वाटणारा हा पोस्टमन एवढा उंच होता की एरवी त्याला कोणीही लांबून ओळखावं. आत्ता तो होईल तेवढा आखूड होऊन उभा होता.

"चेष्टा नाही, साहेब. मीच लावली."

"अरे, माझ्याकडे कुत्रा कुठे आहे? मांजरसुद्धा नाही!"

"कुत्रा नाही, साहेब. पण जे आहे त्याला आपल्याकडे रंगच नाही ना. मग म्हटलं, त्यातल्या त्यात जवळचा लावावा."

"आहे तरी काय?"

लंबूने पँट वर केली. गुडघा चांगलाच सोलवटलेला होता. "तुमच्या मातोश्री," तो म्हणाला.

हकीकत अशी होती. सेक्रेटरींच्या आई रोज दुपारी फाटकाशी खुर्ची टाकून धाकट्या बहिणीच्या पत्राची वाट बघत. दोघी बहिणींचं फोनवर जमत नसे, कारण दोघी एकाच वेळी बोलत आणि ऐकायला कोणी उरत नसे. म्हणून आयुष्यभर पत्रं. गेल्या महिन्यात ती अचानक बंद झाली. लंबू रोज "आजी, आज काही नाही" म्हणायचा. एके दिवशी आजी म्हणाल्या, "पिशवी उलटी कर, मी बघते." लंबू म्हणाला, "पिशवी रस्त्यात उलटी करायला बंदी आहे, आजी." त्यावर आजींनी काठीचं वाकडं टोक पिशवीच्या पट्ट्यात अडकवलं आणि ओढलं. पिशवीबरोबर लंबूही आला आणि फुलझाडांच्या कुंड्यांवर पडला.

सेक्रेटरी उसळले. "काहीतरीच काय! अरे, ती म्हातारी बाई आहे. नुसती ओरडते. ती काही करत नाही!"

मग मागे कोणीतरी खोकल्यासारखं केलं आणि सगळेच खोकायला लागले. आपण काय बोललो हे सेक्रेटरींच्या जरा उशिरा ध्यानात आलं. त्यांचे कान तापले.

"मग मला नोटीस का नाही दिलीस?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

"कशी देणार? नोटिशीखाली सही तुमचीच. तुमची सही घेऊन तुमच्याच घरी जायचं, तेही आजी फाटकाशी असताना? माझी छाती झाली नाही."

सेक्रेटरींनी खणात हात घातला. विजेचं बिल, युनियनचं मासिक आणि त्याखाली तीन जाड पाकिटं. वाकडंतिकडं, ठसठशीत अक्षर मावशीचं होतं. घरी आई आठवडाभर नीट जेवत नव्हती. "धाकटीने मला टाकलं," एवढंच म्हणून ताट सरकवत होती आणि त्यांनी तिला रोज समजावलं होतं की टपाल खात्यात कधीकधी उशीर होतो. उशीर त्यांच्याच टिकलीखाली दबून बसला होता.

"टिकली काढू का, साहेब?" लंबूने विचारलं.

काढ म्हणायला जीभ उचलली होती. पण सगळी खोली बघत होती. उद्या टिकली लागलेला एखादा बंगलेवाला साहेबही म्हणेल, सेक्रेटरींच्या घरची निघते तर माझी का नाही? आणि खरं सांगायचं तर लंबूचा गुडघा खरोखरच फुटला होता. "राहू दे," ते म्हणाले. "नियम तो नियम. मी घरवाला म्हणून टपाल घेऊन जातो." आणि आपल्याच कार्यालयाच्या खिडकीबाहेर जाऊन ते इतर कुत्रेवाल्यांच्या रांगेत उभे राहिले.

घरी पाकिटं बघताच आईचा चेहरा असा उजळला की सेक्रेटरींना मान वर करवेना. बायकोने चष्मा पुसून आणून दिला. आईने पहिलं पत्र फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"ताई, तू मला टाकलंस का? तुझं एकही पत्र नाही, म्हणून मीही रुसून लिहिणं सोडलं होतं. कालच कळलं की आमच्याकडचा पोस्टमन हल्ली आमच्या घरी येतच नाही. मागे त्याने तुझं पाकीट नळाखालच्या बादलीत टाकलं, तेव्हा मी त्याला उलथनं फेकून मारलं होतं. लागलंसुद्धा नाही, मेला वाकला! तर आमच्या दारावर म्हणे लाल टिकली लावली आहे. कुत्रा चावला की लावतात ती. ताई, मी कुत्रा आहे का?"

बायको पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

"म्हणजे माझी पत्रं तिच्या पोस्टात पडून आणि तिची माझ्या," आई सावकाश म्हणाली. "दोघी एकमेकींवर रुसून बसलो. थांब, पुढे लिहिलंय. 'हा नियम युनियनमधल्या कुठल्याशा दीडशहाण्याने काढला आहे म्हणे. त्याला कधी कोणाच्या पत्राची वाट बघावी लागली नसेल.'"

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू त्या माणसाला ओळखतोस का रे?"

"तोंडओळख आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण आई, पोस्टमनलाही लागतं गं. त्या लंबूचा गुडघा बघितलास का? पोटासाठी दारोदार फिरतो बिचारा."

आईने पत्र खाली ठेवलं. "फार फुटलाय का?" तिने विचारलं. "उद्या येऊ दे त्याला. काठी तुझ्या बायकोकडे देईन आणि माफी मागेन. चुकलंच माझं." मग तिने चष्मा नीट बसवला. "पण तो वेगळा हिशोब. आता कागद घे. माझा हात थरथरतो, तू लिही."

सेक्रेटरी लिहायला बसले. आईने सांगितलं आणि त्यांनी लिहिलं की तो नियमवाला बिनडोक आहे. पुढे लिहिलं की त्याला दुपारभर उन्हात फाटकाशी बसवायला हवं. तिसऱ्या वाक्यात आईने त्याच्या अकलेचं जे वर्णन केलं ते लिहिताना त्यांचं पेन दोनदा अडलं. पण त्यांनी निमूटपणे लिहिलं. मायेच्या चार ओळी झाल्या, तब्येतीची चौकशी झाली.

"झालं?" त्यांनी विचारलं. "पण हे मावशीला पोचणार कसं? तिच्या दारावर टिकली आहे."

"त्याचंच सांगतेय. शेवटी लिही," आई म्हणाली. "'हे पत्र पोस्टाने येणार नाही. ज्याने तो नियम काढला तो माझ्यापुढेच मान खाली घालून लिहितोय. रविवारी तोच घेऊन तुझ्या दारात येईल. उलथनं जवळ ठेव.'"

सेक्रेटरींनी मान वर केली. आई शांतपणे दुसरं पाकीट फोडत होती.

"लिहिलंस का?" ती म्हणाली.