लटारीभाऊंचा पाण्याचा कायदा

लटारीभाऊंच्या हाताखाली काम करायचं तर फिटरजवळ दोन वस्तू लागत: एक पाना आणि एक भरलेली छागल. पाना विसरलात तर लटारीभाऊ शिव्या देत आणि मग आपला पाना देत. छागल विसरलात तर शिव्या न देता सरळ घरी पाठवत.

छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. ती लागायची, कारण लटारीभाऊंचा एक कायदा होता. कंपनीच्या माणसानं गिऱ्हाइकाच्या मिलमध्ये पाण्याचा थेंबही प्यायचा नाही. इंजिनाला पाजा, ड्रमच्या ड्रम पाजा. आपण मात्र घरून नेलेलं प्यायचं, ते संपलं की घसा कोरडा ठेवून परत यायचं. हा कायदा करणारा माणूस जन्मला होता मूल गावाकडच्या एका ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्या कोळ्याच्या घरी, तलावाच्या पाळीवर. चालायच्या आधी पोहायला शिकला असेल. अशा माणसानं साऱ्या जिल्ह्याला तहानेलं ठेवावं, हे काही आमच्या डोक्यात शिरत नसे.

कंपनी म्हणजे तरी काय? जटपुरा गेटाच्या आत एका शेठची पत्र्याची शेड. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होती. थेट सिरोंच्यापर्यंतच्या जंगलमुलखात धानाच्या मिला आणि लाकूड कापायच्या आरामशिनी पसरलेल्या होत्या, त्यांची इंजिनं चालती ठेवायचा ठेका शेठकडे होता. मूल, गडचिरोली, गोंडपिपरी आणि सिरोंचा अशा चार बाजूंना फिटरच्या चार गँगा. चारींचे मुख्य मिस्त्री लटारीभाऊ. मी शेडमधला कारकून आणि भानापेठेत त्यांचा भिंतीला भिंत लावून शेजारी. म्हणजे दिवसभर त्यांचा आवाज ऐकायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तोच ऐकायचा.

इंजिनाला ते जवाई म्हणत. त्यांचं म्हणणं, जवायाला मारू नये, वरच्या आवाजात बोलू नये, तेल पाजावं आणि त्याची मर्जी होईस्तोवर बाजूला बसून राहावं. एका फिटरनं चिडून इंजिनाच्या चाकावर हातोडा घातला, तर त्याला नारळ फोडून इंजिनाची माफी मागायला लावली होती. टेलिफोन वगैरे कुठला? बसचा ड्रायव्हर शेडसमोर गाडी उभी करून ओरडायचा, "लटारीभाऊ, सावली गावचा जवाई रुसला!" की निघाली गँग. शेडसमोर भाजी विकायला नवीनच बसू लागलेली एक बाई महिनाभर हे ऐकत होती. एक दिवस तिनं लटारीभाऊंना भरल्या डोळ्यांनी दोन वांगी फुकट दिली. इतक्या पोरी आणि एकही जवाई धड नाही, याचं तिला फार वाईट वाटलं होतं.

पाण्याच्या कायद्याची कारणं ज्यानं त्यानं आपापल्या अकलेप्रमाणे शोधली होती. कुणी म्हणे महामारीची भीती. कुणी म्हणे छागली विकणाऱ्याशी साटंलोटं. लटारीभाऊंना विचारलं तर एकच उत्तर मिळे, "पानी पेलं का तोंड बंद होते. मंग मिलवाल्याले खरं कसं सांगाल?" आता कायदा म्हटला की पळवाटा आल्याच, आणि आमचे फिटर काही कमी नव्हते. गडचिरोलीकडच्या एका फिटरनं भर पावसात मिलच्या छपराखाली उभं राहून तोंड उघडलं. ती तक्रार शेडमध्ये आली. लटारीभाऊंनी दिवसभर विचार करून निवाडा दिला, "आभायातून थेट तोंडात पडलं तर देवाचं. छपराले लागलं म्हंजे मिलचं."

चहाही बंद होता. दूध चालत असे, कारण ते म्हशीचं, मिलवाल्याचं नव्हे. मग सिरोंच्याच्या गँगनं ताडीचं विचारून घेतलं. ताडी झाडाची, असं लटारीभाऊ बोलून गेले, आणि त्या दिवसापासून सिरोंच्याची गँग कायद्याची सर्वांत मोठी भक्त झाली. त्यांनी एकदा इंजिनाचा पट्टाच तिढा घालून चढवला आणि मशीन उलटं फिरवलं. इकडून तांदूळ टाकला तर तिकडून धान निघेल की काय, अशा नजरेनं मिलवाला बघत राहिला होता म्हणे. त्यानंतर ताडी ही मिलवाल्याची ठरली, झाड कुणाचंही असो.

गोंडपिपरीच्या मिलवर मात्र लटारीभाऊ स्वतः जात. तिथलं इंजिन तर आमच्या साऱ्या मुलखात सर्वांत धडधाकट होतं, पण त्यांच्या मते तो जवाई नाजूक होता. महिना उलटला की त्यांना तो रुसल्याची चाहूल लागे. मग धुतलेला सदरा, डोक्याला तेल, खांद्याला छागल, आणि स्वारी कोठारीच्या जंगलातून रवाना. तिथं त्यांची एकुलती एक मुलगी फुला दिलेली होती. तिचा नवरा त्याच मिलमध्ये इंजिन ड्रायव्हर होता आणि मिलच्याच आवारात त्यांचं घर होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाप लेकीला भेटायला जाणार नाही तर काय इंजिनाला?

मग एका मे महिन्यात कायद्यावर संकट आलं. चांद्याचा मे म्हणजे सावलीसुद्धा भाजते. मूलच्या मिलवर एका फिटरची छागल दुपारीच संपली. तो मोठा इमानी. समोर रांजण भरलेला असताना कायदा पाळून चक्कर येऊन पडला. मिलवाल्याच्या बायकोनं त्याच्या तोंडात बळजबरीनं पाणी ओतलं म्हणून वाचला. डॉक्टरनं शेठला फैलावर घेतलं. शेठला आपल्या कंपनीत असला काही कायदा आहे हे तेव्हाच कळलं. त्यानं तिथल्या तिथं कायदा मोडीत काढला आणि साऱ्या मिलवाल्यांना बसच्या ड्रायव्हरांकरवी निरोप धाडला, की आमच्या माणसांना पोटभर पाणी पाजा.

साऱ्या गँगा खूष झाल्या. लटारीभाऊ मात्र शेठशी भांडले. कायदा जात असेल तर मी पण जातो, म्हणाले. पाण्याच्या पेल्यावरून नोकरी सोडणारा मिस्त्री शेठनं आयुष्यात पाहिला नव्हता. तो हसला. आम्हीही हसलो.

त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "बाबूजी, शेठले एक सांगा. बाकी साऱ्या मिलात पाजू द्या पानी. गोंडपिपरीले तेवढा कायदा राहू द्या."

"काऊन, भाऊ?" त्यांच्या तोंडचं ऐकून ऐकून मीही तसंच बोलू लागलो होतो.

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. फुलाचं लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. पहिल्या वर्षी ती पाण्याचा गडवा घेऊन आली तेव्हा लटारीभाऊंनी हसून परत पाठवला. सगळेच बाप पाठवतात. दुसऱ्या वर्षीही पाठवला. पुढं पुढं मात्र परत जाणारा तो गडवा म्हणजे साऱ्या मिलसमोर पिटलेली दवंडीच होऊ लागली. एकदा फुलाची सासू भर अंगणात, हमालांच्या देखत म्हणाली, "ठेव तो गडवा अंदर. तुया बापाले पानी पाजाची येळ अजून आली नाई." पोरगी खाली मान घालून आत गेली. त्याच आठवड्यात लटारीभाऊंनी चारी गँगांना छागली वाटल्या होत्या.

"कंपनीचा कायदाच झाला म्हंजे सासू का बोलन?" ते म्हणाले. "पोरगी पानी आनते. मी म्हनतो, कायदा हाये बाई. ती वापस नेते. कोनाले काई समजत नाई."

एका गडव्याची लाज झाकायला या माणसानं सिरोंच्यापर्यंतचे फिटर तहानेले ठेवले होते. एवढं आहे तर सरळ पिऊन का टाकत नाही, असं मी विचारलं. लटारीभाऊ काही देवभोळे नव्हते, आणि कोठारीच्या रस्त्यावर वाघ आडवा बसला असता त्याला त्यांनी हॉर्न वाजवून शिवी घातलेली मी ऐकली होती. पण इथं मात्र त्यांचा धीर होत नव्हता. आपण रीत मोडली आणि पोरीच्या नशिबाचं जे काही शिल्लक आहे तेही गेलं तर? शिवाय पोरीची आई फुलासाठी सोमवार धरत होती आणि गोंडपिपरीला जायच्या दिवशी छागल स्वतःच्या हातानं काठोकाठ भरून देत होती. तिला काय तोंड दाखवायचं?

मी शेठला सांगितलं असतं, पण निरोप कधीच गेला होता. गोंडपिपरीच्या मिलमध्येही तो पोचला होता.

त्यानंतर लटारीभाऊंना नाजूक जवायाची चाहूल लागेनाशी झाली. जून गेला, जुलै गेला. धुतलेला सदरा खुंटीवर तसाच. आणि मग ते धडधाकट इंजिन खरंच बंद पडलं. गोंडपिपरीच्या गँगनं हात टेकले. मिलवाला तणतणत होता, त्याची समजूत घालायला शेठनं मला सोबत धाडलं. लढाईतून उरलेल्या आमच्या जीपमध्ये लटारीभाऊ छागल मांडीवर घेऊन बसले होते. बल्लारपूर गेलं, कोठारी गेलं, तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

इंजिनात फारसं काही नव्हतं. तेलाच्या नळीत कचरा अडकला होता. पण लटारीभाऊंनी ते काम दुपारपर्यंत पुरवलं. पुसलेलं पुन्हा पुसलं, घट्ट असलेले नट सैल करून पुन्हा घट्ट केले. शेवटी फुलाच्या नवऱ्यानंच हात लावला आणि चाक फिरू लागलं. मिलवाला खूष झाला. आता तर पाणी चालतं ना मिस्त्री, असं हसत म्हणाला आणि त्यानं फुलाच्या घराकडे हाक दिली.

फुला आली. पितळेचा गडवा, वर उपडा पेला. मागं दारात तिची सासू येऊन उभी राहिली. हमाल पोती ठेवून बघू लागले. फुलानं गडवा पुढं केला नाही. पोटाशी धरून ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमची छागल भरली हाये नं? राहू द्या. मी वापस नेतो."

बापाची अडचण तिला ठाऊक होती. पुष्कळ वर्षांपासून ठाऊक असावी. आपली लाज झाकायला बापानं कायदा केला आणि बापाची लाज राखायला ती तो निमूट पाळत आली होती.

लटारीभाऊंनी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "आन इकडे."

पेला त्यांनी बाजूला ठेवला. गडवाच उचलला आणि वरून धार धरली. घोट घोट करत सगळा रिकामा केला. अर्धं पाणी मिशांवर, धुतलेल्या सदऱ्यावर. हमालांपैकी कुणी हललं नाही. गडवा खाली ठेवून ते म्हणाले, "आनिक आन." ती पळत गेली आणि भरून घेऊन आली. तोही त्यांनी संपवला. मग दाराकडे पाहून म्हणाले, "इहीनबाई, तुमच्या इहिरीचं पानी गोड हाये. इतके वर्स उगाच घरून वागवलं."

सासूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि, जेवूनच जा म्हणावं, असं सुनेला सांगत आत गेली. आम्ही जेवून निघालो. वरण, भात आणि झिंग्याची भाजी होती. लटारीभाऊंनी तीनदा भात घेतला.

परतीच्या वाटेवर कोठारीच्या नाल्याजवळ त्यांनी जीप थांबवायला लावली. छागल घेऊन ते पाण्याच्या कडेला गेले. भरलेली छागल घरी बायकोच्या हातात कशी द्यायची, ही अडचण माझ्याही ध्यानात आली. त्यांनी बूच काढलं, छागल तिरपी केली, आणि तशीच पुन्हा सरळ केली. परत येऊन बसताना मला म्हणाले, "खोटं कायले बोलू?"

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. मी माझ्या ओट्यावर चपला काढत होतो. शेजारच्या ओट्यावर लटारीभाऊंच्या बायकोनं नेहमीप्रमाणे त्यांच्या खांद्यावरची छागल उतरवून घेतली. ती हाताला जड लागली. तिनं एकदा छागलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या सदऱ्याकडे. लटारीभाऊ खांबाला टेकून शाळेतल्या मुलासारखे उभे होते. चारी गँगांना धाकात ठेवणारा तो माणूस मला त्या वेळी फार आवडला.

बाईनं छागल तुळशीत रिकामी केली, झटकली आणि आतल्या खुंटीवर टांगली. बाहेर येऊन म्हणाली, "कशी हाये पोरगी?"

"बरी हाये."

"पुढच्या खेपेले मले बी न्या. मी पन पेईन."

पुढच्याच आठवड्यात लटारीभाऊ शेडमध्ये आले. कुठल्याही बसनं निरोप आणलेला नसताना त्यांनी मला सांगितलं की गोंडपिपरीचा जवाई पुन्हा रुसलेला दिसतो. जीपमध्ये मागं हत्यारांच्या पेट्या असतात, त्या तेवढ्या मी उतरवून घेतल्या. बाईमाणसाला बसायला जागा हवी होती.