साळूबाईच्या लोणच्याचं गुपित

एका जंगलात वाघ पुष्कळ होते आणि वकील एकच. त्यामुळे जंगल बऱ्यापैकी सुखी होतं. मुलांनो, मांडी घालून बसा आणि मध्येच प्रश्न विचारू नका. या गोष्टीत एकीने विचारला, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

त्या जंगलात नदीच्या उताराशी साळूबाई नावाची साळिंदर करवंदाचं लोणचं विकायची. लोणचं असं, की नुसत्या वासाने हरणं पाणी प्यायचं विसरत.

साळूबाईला एक खोड होती. द्रोण हातात देण्याआधी ती कृती सांगायची. हिरवी करवंदं कधी तोडायची, सावलीत किती दिवस पसरायची, आणि मुख्य म्हणजे निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्यावर बरणी कशी उपडी धरायची, म्हणजे धुरी आत मुरते आणि लोणच्याला वर्षभर बुरशी येत नाही. गिऱ्हाईक जांभई द्यायचं. "बरं बरं, साळूबाई, द्रोण द्या आधी." नऊ वर्षं ती सांगत होती आणि नऊ वर्षांत एकानेही धड ऐकलं नव्हतं.

बरणी मात्र ती स्वतः धरत नसे. तिच्या काट्यांना धग लागायची. ते काम तिची मैत्रीण चिमाक्का घोरपड करायची. घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊकच आहे. धुरी पुरेशी झाली की "पुरे गं साळू" असं तीच सांगायची. किती धुरी पुरते, हे साळूबाईला कधीच कळलं नाही आणि कळायची गरजही पडली नाही.

एकदा कोल्हे वकील लोणचं घ्यायला आले. कृती ऐकून त्यांनी जांभई दिली नाही. ते दचकले.

"साळूबाई, हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"न विचारता सांगते."

"अहो, हे धंद्याचं गुपित आहे! उद्या कुणी उचललं तर दुकान बसेल तुमचं. आणि कायदा पाठीशी उभा राहतो तो गुपित जपणाऱ्याच्याच."

साळूबाईने हातातला द्रोण खाली ठेवला. लोणच्याशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं. तिने भीत भीत विचारलं, "पण मी तर नऊ वर्षं सांगतेय. आता ते गुपित कसलं?"

"कुणी ऐकलंय का?"

"चिमाक्का सोडून कुणीच नाही."

"मग गुपितच आहे. आणि धोका आहे तो चिमाक्काचा."

दुसऱ्याच दिवशी वकिलांनी सागाच्या पानावर करारनामा लिहून आणला. चिमाक्काने ही कृती कुठे वापरायची नाही, तिच्याविषयी कुणाशी बोलायचं नाही, प्रत्यक्ष साळूबाईशीसुद्धा नाही. चिमाक्काने न वाचता पंजाचा ठसा उठवला. "तू म्हणतेस तर ठीकच असेल," ती म्हणाली. बरण्या कुलपात गेल्या. किल्ली वकिलांकडे गेली. दुकानावर पाटी लागली : 'येथे गुपित आहे. विचारू नये.'

त्या दिवसापासून सगळे विचारू लागले. ज्यांनी नऊ वर्षं जांभया दिल्या, ती माकडं छपरावर कान लावून बसू लागली.

मग चिमाक्काच्या लेकीला डोहाळे लागले. तिला आंबट हवं होतं, आणि दुकानातल्या बरण्या तर कुलपात. आईच ती. तिने घरी एक लहानशी बरणी घातली. बिळातून हिंगाचा वास आला आणि माकडांनी ओरडून जंगल डोक्यावर घेतलं.

"खटला भरा," वकील म्हणाले.

"चिमाक्कावर? अहो, पोरीसाठी घातलंय तिने."

"आज गप्प बसलात, तर उद्या न्यायालय म्हणेल, गुपित नव्हतंच."

साळूबाई रडली, पण भीती मोठी होती. तिने खटला भरला.

न्यायासनावर गवेमहाराज होते. ते शिंगं हलवत म्हणाले, "गुपित फुटलं म्हणता. पण ते काय होतं ते कळल्याशिवाय फुटलं की नाही, हे मी कसं ठरवू?"

"महाराज, बंद दाराआड सांगू," वकील म्हणाले.

"जंगलाला दार कुठलं आणायचं? सांगा इथेच."

साळूबाईने सांगितलं. आणि काय सांगितलं! करवंदापासून हिंगाच्या खड्यापर्यंत, काही म्हणता काही गाळलं नाही. सगळं जंगल कानात प्राण आणून ऐकत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणी जांभई दिली नाही. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

गवेमहाराजांनी निकाल दिला. "आज दुपारपर्यंत हे गुपित होतं, हे सिद्ध झालं. साळूबाई जिंकल्या. चिमाक्काने यापुढे लोणचं घालू नये आणि लोणच्याविषयी अवाक्षर काढू नये."

"आणि बाकीच्यांनी?" साळूबाईने विचारलं.

"बाकीच्यांनी कुठे करारनामा केलाय?"

पुढच्या उन्हाळ्यात उताराशी अकरा दुकानं लागली. ज्यांनी दुकान काढलं नाही, त्यांनी घरीच बरणी भरली. साळूबाई आपल्या पाटीखाली एकटी बसून राहायची. तिने धुरी स्वतःच दिली होती. तीन काटे जळले होते.

एका सकाळी एकच गिऱ्हाईक आलं. चिमाक्का.

"तू?" साळूबाई उठून उभी राहिली.

"कुठे जाऊ मग? सगळ्या जंगलात मला एकटीलाच घरी लोणचं घालायची मनाई आहे. दे एक द्रोण."

साळूबाईने द्रोण भरला. "अक्का, बघ गं चाखून. नीट झालंय ना?"

चिमाक्काने बोट चाटलं. धुरी कमी पडली होती. कडेने बुरशी धरू लागली होती. अजूनही लोणचं काढून बरणीला पुन्हा धुरी दिली असती, तर उरलेलं वाचलं असतं. ते सांगायला तिने तोंड उघडलं. समोरच्या झाडाखाली कोल्हे वकील बसले होते. तिने तोंड मिटलं.

"छान झालंय," ती म्हणाली, आणि सगळा द्रोण तिथेच उभ्याने संपवला.

तात्पर्य : गुपित सुरक्षित ठेवायचं असेल तर ते रोज, सर्वांना, सविस्तर सांगावं. आणि खटला भरायचाच झाला तर तो सगळ्यात जिवाभावाच्या मैत्रिणीवर भरावा. निदान एक गिऱ्हाईक तरी टिकतं, आणि तेही तक्रार न करणारं.