कसेल त्याचं ऑफिस

जमीन सुधारणा कायदा मला इतका पाठ आहे की झोपेतून उठवून विचारा, पोटकलमांसकट सांगीन. म्हणून कायद्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा साहेबांनी मलाच बोलावलं.

"मंत्री येणार आहेत. सरकारने जमीन मिळवून दिलेला एक शेतकरी स्टेजवर हवा."

"एकच?"

"एक शोधा, तुमचं प्रमोशन पक्कं. आणि जिवंत बघा."

सगळी कपाटं उपसली. अर्ज चार हजार, निकाल शून्य. अर्जदार गेले, त्यांची मुलं थकली. जमीनदारांच्या हरकती तेवढ्या टवटवीत.

मग मी डोकं चालवलं. ऑफिसच्या मागे आमचा माळी वीस वर्षं कोबी लावतोय. कसणारा तो, मालक सरकार. केली फाईल! मालकाला साठ दिवसांची नोटीस. हरकत आली नाही तर जमीन माळ्याची. समारंभ उरकला की आपणच हरकत घ्यायची आणि सगळं गुंडाळायचं, असा बेत.

मंत्र्यांनी माळ्याला कागद दिला, फोटो निघाला, मला प्रमोशन मिळालं. हरकत साहेब घेतील असं मी धरून चाललो, मी घेईन असं साहेब. नोटीस आमच्याच ट्रेमध्ये पडून राहिली. आमच्या ट्रेमधलं पत्र साठ दिवसांत कुणी उघडल्याचा इतिहास नाही.

एकसष्टाव्या दिवशी माळी टेप घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, पाय जरा वर घ्या."

"काय मोजतोयस?"

"माझी जमीन."

मी घाईघाईने फाईल उघडली. गट नंबर मी अख्ख्या आवाराचा टाकला होता. इमारतीसकट.

"अपील करा," साहेब माझ्यावर खेकसले.

"ते आपल्याकडेच येतं, साहेब. चार हजारांच्या मागे नंबर लागेल."

साहेबांनी वीस वर्षांत माळ्याला 'ए'शिवाय हाक मारली नव्हती. आता म्हणाले, "अहो दादा, आम्ही जायचं कुठे?"

माळी भला माणूस. "राहा की. फक्त दर अकरा महिन्यांनी टेबलं-कपाटं दुसऱ्या खोलीत हलवायची. एका जागी फार दिवस बसू दिलं की कूळ हक्क सांगतं. जुने जमीनदार असंच कुळांना फिरवत ठेवायचे. तुमच्याच फायलींत आहे."

"तुम्ही फायली वाचल्यात?" मी विचारलं.

"कुणीतरी वाचायला नकोत का?"

तर बढतीनंतरचं माझं पहिलं काम म्हणजे कपाटं जिन्यावरून वर चढवणं. कायदा पाठ असून उपयोग नाही हो. चार हजार अर्ज किती जड असतात, ते उचलल्यावरच कळतं.