गजाक्काचं डोकं आणि साळूबाईची मोजणी

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. फक्त उन्हाळ्यात पाणी नव्हतं. पाण्यापर्यंत जायची जवळची वाट एकच, आणि ती ठाऊक एकीलाच. कळपातली थोरली हत्तीण, गजाक्का.

आणि यंदा गजाक्का वाट विसरली. निदान तिला तरी तसं वाटत होतं. फाट्यावर येऊन ती सोंड वर करून उभी राही आणि मग ऊन फार आहे म्हणत परत फिरे.

तुम्ही म्हणाल, विसरली तर सांगून मोकळं व्हावं. अरे, तहानलेला चाळीस जणांचा कळप मागे उभा असताना सांगून बघा एकदा!

त्या जंगलात एक यंत्र होतं. डोकं आत घातलं, की डोक्यातलं पाणी कुठून कुठे झिरपतं ते यंत्र बघे आणि त्यावरून डोक्यातल्या वाटांचं चित्र काढी. वाटा शाबूत निघाल्या, तर कळपाने गजाक्कामागे जायचं. तुटलेल्या निघाल्या, तर गव्यांच्या मागून डोंगरापलीकडच्या नदीवर जायचं. लांब पडतं, पण नदी जागची हलत नाही. असं ठरलं, आणि गजाक्काने कान दुमडून डोकं यंत्रात घातलं.

चित्र खरं की खोटं, हे साळूबाई साळिंदर ठरवी. डोक्यातून येतो तो सिग्नल आणि यंत्र स्वतःशीच पुटपुटतं ती खरखर. सिग्नल डोक्याच्या मधोमध मोजायचा. खरखर मोजायची डोक्याबाहेरच्या रिकाम्या हवेत, कारण जिथे काहीच नाही तिथे जे दिसतं, ती नुसती यंत्राची बडबड. सिग्नल खरखरीच्या वीसपट भरला, तर चित्रावर विश्वास ठेवायचा.

गजाक्काचं चित्र भरलं चौपट. नुसती पिठाची चाळण! साळूबाई म्हणाली, पुन्हा काढू, सावकाश काढू.

पण यंत्रघराचे प्रमुख डॉक्टर केसाळे, जातीने अस्वल, त्यांना घाम फुटला होता. सकाळी सिंहमहाराजांची तपासणी समिती यायची होती. त्यांनी शेपटे वानराला चित्र जरा नीटनेटकं करायला सांगितलं. शेपटेचा हात मोठा सफाईदार. त्याने डोक्याला धक्काही लावला नाही. फक्त डोक्याभोवतीची दाणेदार हवा पुसून काळीकुळकुळीत केली. चित्र कसं फ्रेममध्ये लावण्यासारखं दिसू लागलं.

समितीसमोर साळूबाईने नियमाप्रमाणे बाहेरची खरखर मोजली. आली शून्य. ती चपापली. शून्याने भागता येत नाही, असं तिने हळूच सांगितलं.

समितीचे अध्यक्ष बारशिंगे खूश झाले. "मग तसंच लिहा," ते म्हणाले. "भागता येणार नाही इतकं उत्तम."

साळूबाईने धीर करून सांगितलं, की बाहेर झाडून घेतलंय, आतली खरखर आहे तशीच आहे. लागोपाठ दोन चित्रं काढू, एकातून दुसरं वजा करू, उरेल ती डोक्याच्या आतली खरखर.

बारशिंग्यांची मान ताठ झाली. "थोरामोठ्यांच्या डोक्यात खरखर असते, असं तुमचं म्हणणं?"

समितीतल्या प्रत्येकाने आपापल्या कपाळावरून हात फिरवला. 'चित्र उत्तम, वाटा शाबूत' असा दाखला तयार झाला आणि साळूबाईने खाली बघत त्यावर सही केली. मोजलेलं शून्यच होतं ना, खोटं कुठे होतं? अशी तिने मनाची समजूत घातली.

दाखला घेऊन गजाक्का तिच्याकडे आली. म्हणाली, "साळू, खरं सांग गं. वाट आहे का माझ्या डोक्यात?"

"मला माहीत नाही, आक्का. या चित्रावरून कुणालाच कळणार नाही."

गजाक्काने दाखला पुढे केला. "मग खाली सही कुणाची?"

साळूबाईला आपलेच काटे टोचले. तिची लाज गजाक्काला दिसली, पण समितीच्या शिक्क्यापुढे लाजेला कोण विचारतो? कागद म्हणतोय मला आठवतंय, तर मला आठवत असणार, असं म्हणून गजाक्का निघाली. मागोमाग कळप निघाला.

तीन दिवस चालून ते एका कोरड्या खाणीशी पोचले.

परत आले तेव्हा साळूबाईने त्यांना मोजलं. मोजायचंच काम ना तिचं! चाळीस गेले होते, एकतीस आले. त्यात गजाक्का नव्हती.

कळपाने यंत्रघरापुढे टाहो फोडला. महाराजांनी फर्मावलं, जंगलात आरडाओरडा किती आहे ते मोजून कळवा. केसाळ्यांनी साळूबाईला मोजायची जागा दाखवली. कुंपणाबाहेरचं मैदान, शेपटेने पहाटेच रिकामं करून ठेवलेलं.

या वेळी साळूबाई मैदानात गेली नाही. कळपाच्या मधोमध जाऊन बसली आणि तिथे मोजलं. आकडा रकान्यात मावेना. तो तिने समासात लिहिला आणि खाली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी तिची बदली झाली. मैदान झाडायला.

तात्पर्य: डोक्यातली खरखर नेहमी डोक्याबाहेर मोजावी, आणि मोजण्याआधी जागा झाडून घ्यावी. जो आत मोजायला जातो, त्याच्या हाती झाडू येतो.